मला विसावा नको होता

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीजर आहे आणि मी संतापलो आहे. फ्रीजर थंडगार असतो, त्याला कसला राग, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका.

संगमनेरच्या एका संशोधन केंद्रात मी बारा वर्षे राबलो. उणे ऐंशी अंश, एक दिवसही रजा नाही. डॉ. वृषालीताईंनी मला आणले. मेंदूला सूज का येते, हा त्यांचा ध्यास. राखणदारच उलटून घरच्यांवर धावून जावा, तशी शरीराची संरक्षण यंत्रणा मेंदूवर उलटते, असे त्या सांगत. "असलं संशोधन इथं होतं का?" म्हणून लोक हसले. त्या मात्र शेजारच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातून रुग्ण शोधून दवाखान्यात आणत आणि त्यांचे रक्त इवल्या नळ्यांत भरून माझ्या पोटात ठेवत.

पहिली नळी राहीबाईंची. भात लावता लावता ही बाई पोटच्या लेकीला ओळखेनाशी झाली. घरच्यांनी तिला खांबाला बांधले, अंगारे लावले. ताईंनी सूज ओळखली, उपचार केले आणि राहीबाई आपल्या पायांनी घरी गेल्या. अशा चारशे नळ्या साठल्या. हा आजार पहिल्याच आठवड्यात ओळखणारी तपासणी त्यांवरून तयार होत आली होती.

आणि खंडेनवमी आली. ताई अकोल्याला होत्या. शिपाई अजिनाथमामांनी मला पुसले, हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. मला फार बरे वाटले. मग त्यांनी माझे बटणच बंद केले! मी भोंगा वाजवला, तर तोही बंद केला आणि कुलूप लावून ते दसऱ्याला गावी गेले. तीन दिवस मी ठिबकत होतो.

सोमवारी ताईंनी माझे दार उघडले आणि एकेक नळी उजेडात धरून पाहिली. चारशेच्या चारशे वितळून नासल्या होत्या.

"मामा, हे कुणी बंद केलं?"

"म्या केलं, मॅडम. आमी ट्रॅक्टरला बी त्या दिशी इसावा देतो. पूजाच तर केली हुती."

"पूजा? गळा दाबलात त्याचा!" ताईंचा चढलेला आवाज मी प्रथमच ऐकला.

माझा राग एकट्या मामांवर नाही. 'कधीही बंद करू नये' हा माझ्यावरचा कागद फाटून सहा वर्षे झाली. नवा लावा म्हणून ताईंनी दोनदा अर्ज दिला, तरी तो लागला नाही आणि मामांना कोणी समजावून सांगितले नाही. सत्काराचे फोटो मात्र साहेब लोक माझ्यापुढेच काढत.

त्या दिवशी राहीबाई वर्षाच्या तपासणीला आल्या होत्या. त्यांनी बाही वर सारली. "माझं रगात घ्या की पुन्यांदा."

"राहीबाई, आजारातलं रक्त हवं होतं. तुम्ही आता बऱ्या आहात."

"म्हंजी आता आनखी चारशे मानसं माझ्यावानी येडीपिशी व्हायची, तवा तुमचं काम पुरं व्हनार?"

ताईंनी त्यांची बाही हळूच खाली ओढली.

मित्रांनो, मला फूल वाहू नका. हात जोडण्याआधी एवढेच विचारा, हे यंत्र काय सांभाळते? ताईंनी त्या सोमवारी अकोल्याहून आणलेली एकच नळी आज माझ्या पोटात आहे. तिच्यावर लिहिले आहे, 'गोजरबाई, आजाराचा पहिला दिवस'. माझे बटण चालू राहू द्या.