साळवेच्या घरची भिंत

सदर भागातल्या त्या छोट्या सराफी दुकानात रुपराव पाऊण तास बसून होता आणि त्याचं मन एका माळेवर जडलं होतं. माळ देखणी होती, यात वाद नाही. निळसर मणी, चांदीच्या कड्या, खाली लोंबणारा इवलासा क्रूस. नवरीच्या गळ्यात उठून दिसेल म्हणून त्याने ती उचलली, तर काउंटरमागची दीक्षा हसायलाच लागली.

"काका, ही गळ्यात नाही घालत. ही रोझरी. हातात धरून एकेका मण्यावर प्रार्थना म्हणतात."

"आमच्या बापाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मरेपर्यंत काढली नाही."

"ती वेगळी, ही वेगळी," दीक्षा म्हणाली आणि माळ डबीत ठेवून तिने मखमलीवर दुसरी पदकं मांडली. कबूतर म्हणजे पवित्र आत्मा. मासा पाहून रुपराव बुचकळ्यात पडला, तेव्हा तिने सांगितलं की फार पूर्वी ख्रिस्ती लोकांना धरून मारत, तेव्हा हे लोक मातीत बोटाने मासा काढून एकमेकांना ओळख देत. रुपरावने मान डोलावली. पोरगी हुशार होती. "तू ख्रिश्चन हायस काय वं?" त्याने विचारलं.

"नाही काका, आम्ही बौद्ध. पण सहा वर्षं झाली, हेच विकून राहिली मी."

शेवटी उरले दोन सोन्याचे क्रूस. एक साधा, गुळगुळीत. दुसऱ्यावर हात पसरलेला येशू, अगदी बरगड्या मोजाव्या इतकं बारीक काम. रुपरावने आयुष्यभर जसा भाजीचा वाटा निवडला तसाच हाही निवडला. ज्यात माल जास्त, तो चांगला.

"हा द्या. याच्यावर काम जास्त हाय."

"देते. ते लोक कॅथलिक आहेत की प्रोटेस्टंट?"

रुपराव दोन्ही क्रूस उलटसुलट करून पाहू लागला.

"म्हणजे कसं काका, कॅथलिक घरात बहुतेक येशूसकट घेतात. त्याने आपल्यासाठी किती सोसलं, ते नजरेसमोर राहावं म्हणून. प्रोटेस्टंट बहुतेक रिकामा घेतात. तो मेला, पण परत उठला, आता क्रूसावर नाही, म्हणून रिकामा. तसा नियम कोणी लावत नाही. पण उलटा नेला की घरच्यांना कळतं, आणणाऱ्याला आपलं काही माहीत नाही."

नेमकं तेच तर होतं. माहीत नव्हतं.

आता या माणसाला काय म्हणावं? कोराडीच्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं नोकरी, त्यातली सत्तावीस साळवेच्या शेजारी. जायची बस तीच, यायची बस तीच, आणि सीटसुद्धा तीच. साळवेला साखर किती, त्याचं प्रमोशन कोणी अडवलं, तो वहिनींशी कशावरून भांडला, सगळं रुपरावला पाठ. पोळ्याला साळवे याच्याकडे पुरणपोळी खायला यायचा, नाताळला हा त्याच्याकडे करंजी खायला जायचा. आणि माणूस कोणत्या देवळात जातो, तिथे काय मानतो, हे विचारायला याच्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे. विचारलं तर वाईट वाटेल, असं त्याला वाटायचं. म्हणे वाईट वाटेल!

साळवेच्या घरी भिंतीवर क्रूस होता, तेवढं मात्र पक्कं. पण रुपरावची तिथली खुर्ची ठरलेली. समोर टीव्ही, हातात करंजीची बशी, आणि क्रूस पाठीमागे. इतके नाताळ तो त्या भिंतीकडे पाठ करून बसला. त्या क्रूसावर कोणी होतं की नव्हतं? त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं. टीव्ही आठवला, त्याच्यावरचा विणलेला रुमाल आठवला, करंजीतलं खोबरं आठवलं. भिंत काही आठवेना.

साळवे गेल्या मे महिन्यात गेला. रुपरावची बायको त्याच्या चार वर्षं आधी गेलेली आणि मुलगा गोलू हैदराबादला. बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये हा एकटा. लोक बरे होते, लिफ्टमध्ये नमस्कार करायचे. पण चारच्या चहाला फोन करून "काय करून राहिला गा रुपराव?" असं विचारणारं आता कोणी उरलं नव्हतं. चार वाजले की याचा हात अजूनही फोनकडे जायचा, आणि मग तो उगाच हवामान पाहायचा.

आणि गेल्या आठवड्यात साळवेवहिनींचा फोन आला. त्यांच्या मुलीचं, नूपुरचं, लग्न ठरलं होतं. "भाऊजी, पोरीच्या गळ्यातला क्रॉस मी आणीन, असं हे म्हणायचे. आता तुम्हीच आणा. तुमच्या पसंतीने. आणि चर्चला निघायच्या आधी तुम्हीच तिच्या गळ्यात घाला."

बापाच्या जागी उभं राहायचं होतं. आणि आता त्याच वहिनींना फोन करून विचारायचं, की वहिनी, तुम्ही नेमके कोण? रुपरावला ते मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. जगात एक घर उरलं होतं जिथे त्याला भाऊजी म्हणत होते, आणि तिथेही आपण परकेच, असं त्याने स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं?

"हे दोन्ही बाजूला काढून ठेव," तो दीक्षाला म्हणाला. "मी येतो जाऊन."

स्कूटर त्याने दफनभूमीकडे वळवली. तिथे तरी कळेल, कबरीवर काहीतरी असेलच.

गेटपाशी आल्यावर पाय अडले. हेच गेट. मे महिन्यात, डोक्यावर आग ओतणाऱ्या उन्हात, तो याच गेटबाहेर कडुलिंबाखाली हेल्मेट हातात घेऊन दीड तास उभा होता. आत गेलं तर चालतं की नाही, त्याला ठाऊक नव्हतं. चप्पल काढायची की नाही, हात जोडायचे की नाही, काहीच ठाऊक नव्हतं. आपल्या हातून त्यांच्या विधीत काही वावगं व्हायला नको, म्हणून तो बाहेर थांबला. नंतर वहिनींना म्हणाला, "होतो मी. मागं होतो." वहिनींनी त्याला पाणी आणून दिलं होतं.

आत एक म्हातारा वाळकी पानं झाडत होता. इथला चौकीदार, लोक त्याला नानाजी म्हणत.

"माझ्यासारखा माणूस आत आला त चालते काय?" रुपरावने विचारलं.

"काहून नाही चालत? मी तरी कुठं ख्रिश्चन हाय? बावीस वर्षं झाले, इथंच हाय. कोणाकडं आले?"

"साळवे. मे महिन्यात..."

"कोराडीवाले साळवे? चला, दाखवतो." नानाजी झाडू टेकवून पुढे निघाला. "ध्यानात हायत ते मले. त्या दिवशी लय ऊन होतं. पेटी खाली उतरवली, आता सगळ्यांनी मूठमूठ माती टाकायची, त बाई म्हणे थांबा. म्हणे रुपरावभाऊ यायचे हायत, पहिली माती त्यांची. पाळकसाहेब थांबले, सारे थांबले. पंधरा-वीस मिनिटं असतील. कोणी आलं नाही. मंग टाकली बाईनंच."

रुपरावने मागे वळून गेटकडे पाहिलं. तो शेजारच्या कठड्यावर बसला. पन्नास पावलं. कडुलिंबापासून इथपर्यंत पन्नास पावलंही नव्हती.

"नातेवाईक होते काय तुमचे?" नानाजीने विचारलं.

"एका सीटवर बसत होतो," रुपराव म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं. नानाजी आपल्या झाडूकडे परत गेला.

कबरीवर पांढरी फरशी होती आणि डोक्याशी दगडाचा साधा क्रूस. रिकामा. खाली नाव, शांतवन जोसेफ साळवे. मस्टरवर सत्तावीस वर्षं एस. जे. साळवे होतं. रुपरावने ते नाव हळूच एकदा उच्चारलं. आयुष्यात पहिल्यांदा. मग फरशीच्या कडेची माती उकरून मूठभर घेतली आणि दगडाच्या पायाशी टाकली. सात महिने उशिराने.

दुकानात परतल्यावर त्याने साध्या क्रूसावर बोट ठेवलं. दीक्षाने तो लाल डबीत बसवला आणि बिल करू लागली.

"पोरी," रुपराव म्हणाला, "चर्चमध्ये चप्पल काढा लागते काय?"

"नाही काका."

"मुलीकडचे कोठं बसतात?"

"पुढे बसतात. तुम्हीही पुढेच बसा."

"आणि सगळे उभे राहिले की मी काय करू?"

"तुम्हीही उभे राहा."

तो एकेक विचारत गेला आणि ती सांगत गेली. गाणं येत नसेल तर काय करायचं, हात जोडले तर चालतात का, आमेन कधी म्हणायचं. सोपे प्रश्न होते सगळे. सत्तावीस वर्षं साळवे त्याच्या शेजारी बसच्या खिडकीशी बसून होता, त्याने हसत हसत सांगितलं असतं.