माझं तेल आणि दोरीवरच्या चिंध्या

साल एकोणीसशे शहाण्णव. तेव्हाच लोक मला जुनी म्हणत होते, मग आता काय म्हणत असतील ते तुम्हीच ओळखा. मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे. रंग फिक्कट निळा, डावा दिवा जरासा तिरळा, पाठीवर सामानाचा लोखंडी हौदा. मला चालवणाऱ्याला गिअर बदलावे लागत नाहीत, ते माझे मीच बदलते. त्यासाठी माझ्या गिअरबॉक्समध्ये एक लालभडक तेल खेळत असतं. इंजिनाचं तेल वेगळं, हे वेगळं. हे तेल ताजं असलं की माझी ताकद चाकांपर्यंत पोचते. जळून काळं झालं की इंजिन नुसतं ओरडतं आणि चाकं ढिम्म हलत नाहीत.

माझा पहिला मालक फर्निचरवाला. तो मला रोज पुसायचा, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर माझं कौतुक करायचा. पण वरवरचंच. माझ्या पोटात काय चाललंय हे त्याने कधी वाकून पाहिलं नाही. पुढे त्याने मला एका लॉन्ड्रीवाल्या जोडप्याला विकलं. नवरा लवकर गेला. मागे राहिल्या ताई, त्यांच्या सासूबाई आणि धाकटे दीर.

लॉन्ड्री चढाच्या पायथ्याशी आणि हॉस्पिटल टेकडीवर. हॉस्पिटलच्या चादरी हेच ताईंचं मोठं काम, त्यावर घर चालत होतं. डॉक्टरांची फेरी सुरू व्हायच्या आत चादरी वर पोचल्या पाहिजेत, एवढीच अट होती. त्या वर्षी मी चढावर घसरू लागले. दोनदा उशीर झाला. हॉस्पिटलच्या मेट्रनने सांगितलं, "बाई, आता पुन्हा उशीर झाला तर मला दुसरी लॉन्ड्री बघावी लागेल."

दीर म्हणाले, "वहिनी, भंगारात द्या हिला. हिच्यापेक्षा आपली आई भरभर चढेल."

"माझं नाव कशाला मध्ये?" सासूबाई आतून म्हणाल्या. "मी काही चादरी वाहणार नाही."

ताईंनी मला मिस्त्रींकडे नेलं. त्यांना सगळे 'बघूया मिस्त्री' म्हणत, कारण कोणत्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर तेच. तेल किती आणि कसं आहे ते दाखवणारी माझी लांब पट्टी त्यांनी बाहेर काढली. ताईंनी पांढऱ्या चादरीची चिंधी पुढे केली. पट्टी पुसताच तिच्यावर काळा डाग उमटला, जळका वास आला.

"तेल बदला," ताई म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान हलवली. "ताई, एक गाडी अशीच आली होती. इतकं जुनं तेल सगळं एकदम काढलं, नवं भरलं, आणि ती परत हललीच नाही. हिला हात लावायची मला भीती वाटते."

ताईंनी तो डाग बोटांत चोळून पाहिला. मग म्हणाल्या, "मिस्त्री, विरलेली चादर मी एका दमात घासत नाही. फाटते. भिजवायची, मळ सुटेल तेवढा सोडायचा, पाणी बदलायचं, पुन्हा भिजवायची. हिचंही तसंच करू. थोडं काढायचं, तेवढंच भरायचं, थोडं चालवायचं."

"बघूया," मिस्त्री म्हणाले. पण या वेळी ते पान्हा घेऊन खाली शिरले.

त्यांनी माझ्या गिअरबॉक्सच्या बुडाची थाळी उतरवली, गाळ पुसला, तेल गाळणारी जाळी बदलली आणि थाळीला खालून एक बोल्ट बसवून दिला, म्हणजे पुढच्या वेळी सगळं उकलायला नको. जेवढं तेल निघालं तेवढंच मापून भरलं. बरंचसं जुनं तेल आत तसंच राहिलं होतं. ताईंनी पट्टी पुसलेली चिंधी कपड्यांच्या दोरीवर टाकली. दुसऱ्या वेळची चिंधी तिच्या शेजारी आली. ती तपकिरी होती. मी अजून घसरत होते, पण कमी. दीर रोज दोरीकडे बघून नाक मुरडत. "वहिनी, हिच्या चिंध्या सुकेपर्यंत हॉस्पिटल हातचं जाईल."

तिसऱ्या वेळी मिस्त्रींनी आमच्या अंगणात येऊन मापून तेल भरलं, आणि ताई चादरींच्या घड्या करायला आत गेल्या. सासूबाई अंगणात होत्या. डब्यात तेल उरलेलं त्यांनी पाहिलं, आणि माझ्यावर माया दाखवून तेही ओतून टाकलं. एवढा चढ चढायचा, पोटभर हवं ना.

सकाळी हौदा चादरींनी भरला. मिस्त्री शेजारी बसले. निम्म्या चढावर इंजिन ओरडलं आणि मी थांबले. ताईंनी ब्रेक दाबून धरला. मिस्त्रींनी उतरून चाकांना दगड लावले.

"मी म्हटलं होतं, ताई. गेली ही."

ताईंनी इंजिन चालूच ठेवून पट्टी काढली. तिच्यावर बुडबुडे होते. त्यांनी ते बोटाने पुसून पाहिले. "मिस्त्री, हा फेस आहे. साबण जास्त झाला की असंच होतं. फेसच फेस, आणि मळ तिथल्या तिथे. हिच्यात तेल जास्त झालंय."

"मी तर मापून भरलं होतं. वरून कुणी घातलं?"

"आमच्या घरात पुढ्यात आग्रहाने वाढणारा हात एकच आहे," ताई म्हणाल्या, आणि हसू दाबत त्यांनी हौद्यातून कपड्यांचा टब काढला.

इंजिन बंद करून त्यांनी तेल जरा निवू दिलं. टेकडीवर हॉस्पिटलच्या खिडक्या दिसत होत्या. मिस्त्री पोतं अंथरून खाली शिरले, बोल्ट सैल केला, जास्तीचं तेल टबात सोडलं, बोल्ट आवळला. इंजिन चालू करून पट्टी पाहिली. पुन्हा थोडं सोडलं, पुन्हा पाहिली. ताईंनी गिअर टाकला. मला पाठीमागे खेचणारा तो चढ मला आजही आठवतो. पण त्या दिवशी मी घसरले नाही. डॉक्टर पहिल्या खोलीत शिरत होते, तेव्हा चादरी दारात होत्या.

चौथी चिंधी लाल निघाली. या वेळी दीरांनी नाक मुरडलं नाही.

पुढे सासूबाई खूप जगल्या, पण तेल ओतायचं नरसाळं ताईंनी कायमचं उंच फळीवर ठेवलं. दीरांनी स्वतःची व्हॅन घेतली, आणि तिचं तेल ते कुणी सांगायच्या आत बदलतात. मेट्रन निवृत्त होताना ताईंना मिठी मारून गेल्या. बघूया मिस्त्री मुलीकडे राहायला गेले, त्यांच्या गॅरेजच्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे. लॉन्ड्री ताईंची पुतणी चालवते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्याला एका दिवसात नवं करायला जाऊ नका, आणि जुनं आहे म्हणून सोडूनही देऊ नका. जवळ या, वाकून बघा, थोडं थोडं करत राहा.

मी आता अंगणात पत्र्याखाली असते. ताईंचे गुडघे दुखतात, तरी त्या काठी टेकत येतात, मला चालू करतात, पट्टी काढून पांढऱ्या चिंधीवर पुसतात आणि चिंधी उजेडाकडे धरतात.

"लाल आहे गं अजून," त्या मला सांगतात, आणि चिंधी दोरीवर टाकतात.