पाळीचा पेला

मी एक जुना काचेचा पेला आहे. कारखान्यात माझ्यात कॉफीची पूड भरली होती. ती संपल्यावर समार बेटावरच्या क्रिसान्तो कोळ्याने मला धुऊन किनाऱ्यावर नेलं. मित्रांनो, तिथे माडी पिण्याच्या बैठकीत पेला एकच असतो. एकजण भरतो आणि पाळीपाळीने देतो. पाळी नाकारली की भरणाऱ्याचा अपमान. मी वर्षानुवर्षे असा फिरलो. माझं कौतुकही झालं, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

क्रिसान्तोचं यकृत सुजलं. आता प्यायलास तर वर्ष काढणार नाहीस, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याने चर्चमध्ये तीनदा शपथ घेतली, तीनदा मोडली. पेलाच नसेल तर पिणार कशात, म्हणून बायको मर्लिंडाने मला तांदळाच्या डब्यात पुरलं. त्या दिवशी मंडळी करवंटीतून प्यायली.

मग आरोग्यकेंद्रातली नर्स रोवेना घरी आली. तिने ना देवाचं नाव काढलं, ना उपदेश केला.

"मानोय," थोरल्या भावाला हाक मारावी तसं तिने क्रिसान्तोला विचारलं, "प्यावंसं कधी वाटतं?"

"चारला. होडी वर ओढली की."

"का?"

"घरी कुणी बोलत नाही. तिथं निदान माझी पाळी येते."

"बोलायला शुद्धीवर असतोस कधी?" मर्लिंडा फणकारली.

"प्रत्येकाला मी वेगळं सांगते," रोवेना म्हणाली. "एकाला डुकरं पाळायला लावलंय. तुम्ही दोघं चारला बसा. पेला तोच बैठकीतला, पण आल्याचा चहा."

मर्लिंडाने मला तांदळातून काढलं आणि दोघं बसू लागली. आठवडाभर कुणी अवाक्षर काढलं नाही. मग एके दिवशी तो किनाऱ्यावरूनच बैठकीत गेला आणि झिंगून परतला. रोवेना रागावली नाही. "जागा चुकली आपली. मर्लिंडा, चहा घेऊन तुम्हीच होडीपाशी जा."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन तिथे गेली, तर बैठकीत पेला भरणारा तास्यो माडीने भरलेला दुसरा पेला घेऊन आला. "एकच रे! माझा मान ठेव."

क्रिसान्तो मला हातात धरूनच त्या पेल्याकडे वळला. माझ्यातला चहा वाळूत सांडला.

मर्लिंडाने समुद्राकडे बघतच विचारलं, "आज काय लागलं जाळ्यात?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "तीन बांगडे. एक खेकडा होता, पण सुटला."

"सुटला कसा? झोपला होतास?"

तो सांगू लागला. तास्यो थोडा वेळ उभा राहिला, मग स्वतःच पिऊन निघून गेला.

मी काच आहे, मला सुखदुःख कळत नाही. पण मित्रांनो, दमून आलेल्या माणसाला दिवस कसा गेला, एवढं विचारत जा. आणि तो सांगू लागला की उठून जाऊ नका.