बी विंगच्या डेलियांचे शेंडे

पनवेलहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची सोसायटी आहे आणि तिच्या बी विंगसमोर तीन फूट रुंद, चाळीस फूट लांब अशी मातीची एक पट्टी आहे. बाकी सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसले, एवढी एक जागा बिल्डरच्या नजरेतून सुटली. सोसायटी जिच्यावर उभी आहे ती जमीन कमळाकर घरतांच्या वडिलांची भातशेती होती. मोबदल्यात घरतांना तिसऱ्या मजल्यावर दोन फ्लॅट मिळाले. उघडी माती म्हणाल तर एवढी पट्टीच उरली होती, आणि तीही आता कायद्याने सोसायटीची.

सेक्रेटरी विश्वजीत देसाई यांच्या हिशेबाने त्या पट्टीत आठ दुचाक्या बसत होत्या. आठांपैकी तीन त्यांच्या घरच्या होत्या, हा योगायोग. ऑक्टोबरच्या सभेत घरतांनी विरोध केला आणि दीड तासाच्या वादानंतर तडजोड निघाली. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला पट्टी फुललेली दिसली तर तिथे बाग राहील, नाहीतर पेव्हर ब्लॉक. ठराव एकमताने, म्हणजे चहा आल्यामुळे, मंजूर झाला.

घरतांनी नेऱ्याच्या झकेरियाभाईंच्या नर्सरीतून बुटक्या डेलियाची छत्तीस रोपं आणली. ही जात सव्वा फुटाच्या वर जात नाही, तिला काठीचा आधार लागत नाही आणि ती कुंडीतही सुखाने राहते. चोवीस रोपं पट्टीत गेली, बारा कुंड्यांतून दारातल्या पायऱ्यांवर बसली. झकेरियाभाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. पानांच्या चार जोड्या आल्या की प्रत्येक रोपाचा शेंडा नखाने खुडायचा, म्हणजे बाजूने फांद्या फुटून रोप भरतं.

"एकदाच खुडा, घरतभाऊ," ते म्हणाले होते. "मग दोन महिने सबर करा."

घरतांनी तेहतीस वर्षं न्हावा शेव्याला कंटेनरच्या कागदपत्रांवर काम केलं होतं. ज्या कामाखाली सही नाही ते काम झालेलं नाही, अशी त्यांची श्रद्धा. शिवाय जागा सोसायटीची असल्याने निगाही सगळ्यांनी राखावी, असं सभेत ठरलं होतं. म्हणून त्यांनी एक तक्ता तयार केला. दर आठवड्याला एका घराची पाळी, आणि पाळीपुढे चार रकाने: पाणी घातले, पिवळी पाने काढली, शेंडा खुडला, सही. पहिली पाळी त्यांनी स्वतःकडे घेतली, छत्तीस शेंडे खुडले, चारही रकाने भरले आणि तक्ता प्लास्टिकच्या पिशवीत घालून लिफ्टशेजारी टांगला. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा होता.

डिसेंबरच्या सुरुवातीला घरतांना पहिला संशय आला. नवीन फांद्यांची टोकं गायब होती. रोपं हिरवीगार, तब्येतीने उत्तम, पण कळीचा पत्ता नाही. त्यांनी एक फांदी रुमालात गुंडाळून झकेरियाभाईंकडे नेली. भाईंनी चष्मा कपाळावर चढवला, फांदी उजेडात धरली आणि सांगितलं की हे किड्याचं काम नाही, किडा एवढी सफाई ठेवत नाही, हे नखाने खुडलेलं आहे.

घरत परत आले ते वेगळेच होऊन. त्यांच्या पत्नी वेणूताई सांगतात की त्या दिवसापासून ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसायला लागले. हातातला पेपर कधी उलटा असे तर कधी परवाचा. वहीत नोंदी सुरू झाल्या. मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटं, देसाई पट्टीजवळ उभे. गुरुवारी देसाई मोजपट्टी घेऊन आले, पट्टी मोजली, वर पाहिलं, गेले. रविवारी देसाई हसले.

घरतांची तपासाची पद्धत शास्त्रशुद्ध होती. ज्यांची पाळी असेल ते रोपांशी वाकणारच, म्हणून त्यांना त्यांनी संशयातून वगळलं. पाळी नसताना जो पट्टीजवळ दिसेल तो संशयित. या पद्धतीने महिनाभरात देसाई, दोन मांजरी, पेपर टाकणारा आणि पहिल्या मजल्यावर मुलीकडे राहायला आलेले एक वृद्ध गृहस्थ असे पाच संशयित झाले. मांजरींना नखं असल्यामुळे त्या बरेच दिवस यादीत होत्या.

घरतांनी सोसायटीचा कॅमेरा पट्टीकडे वळवण्याची लेखी मागणी केली. देसाईंनी लेखी नकार दिला, कारण कॅमेरा दुचाक्यांवर होता. मग देसाईंनाही संशय येऊ लागला. त्यांनी दोन-चार जणांना जिन्यात गाठून खासगीत सांगितलं की घरत स्वतःच शेंडे मोडत असावेत, मुदत संपताना सहानुभूती मिळावी म्हणून. हे त्या दोन-चार जणांनी तितक्याच खासगीत घरतांना सांगितलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घरतांनी अर्ज दिला. 'सेक्रेटरी श्री. देसाई यांनी पार्किंगच्या हेतूने रोपांचे शेंडे वेळोवेळी मोडले आहेत.' प्रत माहितीसाठी अध्यक्षांना, आणि एक प्रत घरातल्या डब्यात जपून, पोलिसांची गरज पडली तर.

अठरा जानेवारीला खास सभा भरली. सव्वीसला आठ दिवस उरले होते आणि पट्टीत आणि पायऱ्यांवर मिळून छत्तीस हिरवे, गोल, कोबीसारखे गड्डे बसले होते. पेव्हर ब्लॉकचा ढीग गेटपाशी येऊन पडला होता. देसाई म्हणाले, नमुना म्हणून.

घरतांनी वही वाचून दाखवली. तारखा, वेळा, मोजपट्टी, हसणं. देसाईंनी शांतपणे ऐकलं आणि आपण शेंड्यांना कधीही हात लावला नाही असं सांगितलं. मग थांबून, प्रामाणिकपणे, एक दुरुस्ती केली: स्वतःच्या पाळीत खुडले तेवढेच.

"पाळीत?" घरत म्हणाले.

"तक्त्यात रकाना होता. मी सेक्रेटरी, मी रिकामा कसा ठेवणार?"

दुसऱ्या मजल्यावरची रुचिरा बँकेत आहे, तिला अपूर्ण फॉर्म सहन होत नाही. ती म्हणाली, "काका, मी तर प्रत्येक फांदीचा काढला. आमच्या आधीच्यांनी एकेकच काढला होता, मला ते कामचुकारपणाचं वाटलं."

कोणीतरी जाऊन लिफ्टशेजारचा तक्ता आणला. नऊ पाळ्या, नऊ सह्या, आणि तिसऱ्या रकान्यात नऊ खुणा, एकही चुकलेली नाही. आमच्या सोसायटीच्या इतिहासात सगळ्या सभासदांनी एखादं काम पूर्ण केल्याची ही पहिली वेळ होती. सगळ्यात वरची सही घरतांची होती. पिशवीला धूळही बसलेली नव्हती. महिनाभर घरत तिच्याशेजारून रोज लिफ्टने वरखाली करत होते.

घरतांनी तक्ता वरपासून खालपर्यंत बोटाने तपासला. कागदात चूक नव्हती. 'एकदाच' हा एक शब्द फक्त नर्सरीतच राहून गेला होता.

देसाईंनी घड्याळ पाहिलं आणि ठरावाची आठवण करून दिली. कारण काहीही असो, फुलं नाहीत, म्हणजे ब्लॉक. दोघा-तिघांनी माना हलवल्या. तेव्हा मागच्या खुर्चीवरून वेणूताई उठल्या. त्या सभेत कधी बोलत नाहीत.

"बसवा ना, आमी कुठं नाय म्हणतो. फक्त सभेच्या वहीत लिवा, सेक्रेटरीनं सही करून शेंडे खुडले, म्हणून फुलं आली नाय."

देसाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्यानंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदतवाढ द्यायला कुणाचीच हरकत निघाली नाही. अट एकच, तोवर कोणीही रोपांना हात लावायचा नाही. पाणी घरत घालतील, आणि घालताना रुचिरा बघेल. घरतांनी अर्ज मागे घेतला, तोही लेखी.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कळ्या दिसल्या आणि चौथ्यात डेलिया फुलला. नऊ वेळा खुडलेल्या रोपाला जेवढ्या फांद्या होत्या तेवढी फुलं आली. लाल, पिवळी, गुलाबी, पानं दिसेनात. देसाई सकाळी आले, चारही बाजूंनी पाहिलं, आणि एक रोप बुंध्याशी धरून हळूच ओढलं. विकतची फुललेली कुंडी मातीत पुरली आहे का, हे बघायला. रोप हललं नाही. ठरावाप्रमाणे पट्टी बाग झाली. पेव्हर ब्लॉकच्या ढिगावर घरतांनी पायऱ्यांवरच्या बारा कुंड्या चढवल्या, आणि देसाईंनी कॅमेरा पट्टीकडे वळवला. फुलं आता सोसायटीची मालमत्ता होती.

मार्चच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कॅमेऱ्यातला एक फोटो आला. पट्टीत वाकलेली एक पाठ, हातात खुडलेली सात-आठ फुलं. खाली देसाईंनी लिहिलं होतं, 'खुलासा अपेक्षित.' पंधरा मिनिटांत बावीस जणांनी सहमतीचे अंगठे टाकले.

कोमेजलेली फुलं काढली नाहीत तर पुढच्या कळ्या अडतात, हे झकेरियाभाईंनी घरतांना सांगितलं होतं. फोटोतली पाठ घरतांचीच होती. ते खाली उतरले, जुना तक्ता पिशवीतून काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एकच रकाना आखला: 'वाळलेली फुले काढली. हे काम फक्त क. घरत करतील.' सही केली, तारीख घातली, पिशवी पुन्हा टांगली.

दुपारी देसाई लिफ्टपाशी थांबले, रकाना वाचला आणि त्याखाली पडताळणीची सही केली.