घरापुरता सर्व्हर

बाबा आणि काका यांचं एका उंटावरून फाटलं होतं. बुद्धिबळातल्या उंटावरून. काकांनी खेळी करून मागे घेतली, बाबा म्हणाले, हात लावला की लावला, आणि बघता बघता सख्ख्या भावांचा अबोला झाला. तेव्हापासून बाबा एकटेच पट मांडून दोन्ही बाजूंनी खेळत आणि रोज हरल्यासारखे उठत. बारकीला ते बघवेना.

बारकी म्हणजे त्यांची धाकटी लेक, एका छापखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणारी. तिने मोबाईलवर दोघांचा ग्रुप करून पाहिला, तर दोघांकडून शब्दाला शब्द एकच उत्तर आलं: "आमची भांडणं परक्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर नकोत." म्हणे अबोला!

"बरं, मग आपला स्वतःचा सर्व्हर लावते," बारकीने जाहीर केलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच तिने बिजागरी मोडलेला जुना लॅपटॉप चपलांच्या कपाटावर ठेवला, त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम घातली आणि गप्पांचा सर्व्हर बसवायला घेतला. एक अक्षर चुकलं की तो रुसून बसायचा.

"त्यापेक्षा दोघांना एका खोलीत कोंडायचं," आई म्हणाली. "कमी कटकट."

शेवटी एकदाचा तो चालला. बारकीने त्यावर 'घर' नावाची गप्पांची खोली उघडली, बाबांच्या फोनवर सगळं लावून दिलं आणि काकांना सर्व्हरचा पत्ता न् पासवर्ड कळवला.

"लिहिलं का काही त्याने?" बाबा घडीघडी विचारत, आणि लगेच, "मला काय त्याचं!"

दुपार गेली, चहा झाला, काकांचा एक शब्द नाही. बाबांनी फोन उपडा ठेवला. "त्याला बोलायचंच नाहीये," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला. उगाच आशा लावली आपण त्यांना, बारकीला वाटलं.

तेवढ्यात फाटकातून हाक आली. "बारके, बाहेर ये आधी! कसला सर्व्हर लावलायस? सकाळपासून डोकं फोडतोय, सापडतच नाही म्हणतो हा फोन!"

काका! बारकीने कपाळावर हात मारला. तिने काकांना दिलेला पत्ता फक्त घरातल्या वायफायवर चालणारा होता. बाहेरच्यांना आत घ्यायचं हे वायफायच्या राउटरला सांगायचं ती साफ विसरली होती. छापखान्यात ते काम दुसरंच कुणी करायचं.

ती काही सांगणार, तोच काकांच्या हातातला फोन वाजला. घरचं वायफाय त्याला आपोआप मिळालं होतं. एवढं भांडण होऊनही बाबांनी वायफायचा पासवर्ड बदलला नव्हता. 'घर'मध्ये बाबांचा सकाळचाच निरोप पडून होता: "आलास का?"

काकांनी तो वाचला आणि नाक ओढून एका बोटाने लिहिलं, "फाटकाशी आहे. पण खेळी मागे घेता येते."

आतून उत्तर आलं, "येत नाही. तू ये."

थोड्याच वेळात बैठकीच्या खोलीत असा काही कल्ला सुरू झाला की आईने रेडिओ बंद केला. बारकी राउटरला ते राहिलेलं सांगायला बसली. काम दोन मिनिटांचं होतं. इतक्यात 'घर'मध्ये बाबांची ओळ उमटली: "बाहेरून चालेल असं काही करू नकोस."

त्याखाली, पटाच्या पलीकडून, काकांची: "अजिबात नको. मी येत जाईन."