शेवटच्या मंगळवारची जोडी

समतेसाठी या जगात राज्यं उलथली, सिंहासनं गडगडली. पण माणसं खऱ्या अर्थाने समान पातळीवर आली ती फक्त फिरत्या जोडीदारांच्या बॅडमिंटन लीगमध्ये. आमच्या लीगचा उगम मात्र इतका उदात्त नव्हता. कुलूपवाल्याच्या बायकोला कुलूपवाल्याबरोबर खेळायचं नव्हतं.

"घरी तेच तोंड, इथेही तेच तोंड," ती म्हणाली. "जोड्या फिरत्या ठेवा. मोसमातून एकदा याला सोसेन."

हे काम चष्मेवाल्यांनी अंगावर घेतलं. चष्मेवाले पन्नाशीचे, एकटे, आणि दुकानाच्या पाटीइतकेच सरळ. शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी घडीच्या खुर्च्या दोन गोलांत मांडल्या. आतल्या गोलात पुरुष, बाहेरच्या गोलात बायका. पुरुष जागचे हलणार नाहीत, त्यांना ती सवय होतीच. बायका दर मंगळवारी एकेक खुर्ची पुढे सरकणार. समोर येईल तो त्या संध्याकाळचा जोडीदार. गोल पुरा झाला की लीग संपली.

नियम दोनच. प्रत्येक गुणानंतर, मिळो वा जावो, जोडीदारांनी रॅकेटला रॅकेट लावायची, म्हणजे कडाकडा भांडता येत नाही. आणि अदलाबदल नाही. दंतवैद्याला मेव्हण्याच्या लग्नासाठी पाळी बदलून हवी होती. "लग्न पुढे ढकला," चष्मेवाले म्हणाले. ते विनोद करत नाहीत, त्यामुळे दंतवैद्य बराच वेळ विचारात पडला होता.

आता, खुर्च्या कोणी मांडल्या हे विसरून चालणार नाही. घड्याळवाल्या बाईंची खुर्ची चष्मेवाल्यांच्या समोरच्या खुर्चीपेक्षा नेमकी एक घर पुढे होती. म्हणजे त्या अख्खा गोल फिरून शेवटच्या मंगळवारी त्यांच्यासमोर येणार. पहिल्याच मंगळवारी बसवलं असतं तर लोकांनी नावं ठेवली असती. मधे कुठे बसवलं असतं तरी ठेवली असती. सगळ्यात शेवटी आलेल्या गोष्टीला लोक योगायोग म्हणतात.

घड्याळवाल्या बाई नवऱ्यामागे त्याचं दुकान चालवत होत्या; दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून चिमट्याने काटे बसवायच्या. त्यांचा दूरचा चष्मा चष्मेवाल्यांनीच केला होता. बाईंचा उजवा कान डाव्यापेक्षा किंचित वर आहे, ही गोष्ट जगात फक्त चष्मेवाल्यांना ठाऊक होती. त्यांनी त्या बाजूची काडी अंदाजाने वाकवली होती, आणि तेव्हापासून ते दर मंगळवारी लांबून बघत होते, की चष्मा सरळ बसतोय ना.

मोसम पुढे सरकला तशा बाईही सरकल्या. दंतवैद्याबरोबर खेळल्या, त्याने रॅकेट अशी आपटून लावली, की चष्मेवाल्यांना स्वतःच्या मनगटात कळ आली. बेकरीवाल्याबरोबर खेळल्या, हसल्या. ते हसणं चष्मेवाल्यांनी दोन दिवस वागवलं. दुकानात गिऱ्हाईक तक्त्यावरचा "क" वाचत होतं आणि ते "हं, हसा," म्हणाले.

आणि मग बाई शेजारच्या खुर्चीसमोर आल्या, कुलूपवाल्याच्या वाट्याला. खेळ संपल्यावर चष्मेवाले जाळी गुंडाळत होते, तेव्हा त्या जवळ आल्या.

"चष्मेवाले, एक मागायचं होतं. नाही म्हणू नका."

आजवर बाईंनी त्यांच्याकडे पावतीखेरीज काही मागितलं नव्हतं. "मागा ना."

"पुढच्या मंगळवारी माझ्या जागी आमच्या वन्सं खेळल्या तर?"

जाळी उलगडून पायांवर आली. "तुम्हाला बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीये! वन्सं घरात बसून बसून भिंतींशी बोलायला लागल्यात. बोलेनात का; पण भिंत काय म्हणाली ते मला सांगत बसतात."

"मग आजच आणायचं होतं."

"आज? कुलूपवाल्याच्या तोंडी? रडत घरी आल्या असत्या. दंतवैद्य दातओठ खातो, बेकरीवाला टोमणे मारतो. सगळ्यांबरोबर खेळून बघितलं हो मी. म्हटलं, एकदा चष्मेवाल्यांचा मंगळवार येऊ दे." त्यांनी चष्मा सावरला. "तुम्ही ओरडत नाही. शटल छतात अडकलं तरी 'छान' म्हणता. मी पहिल्यापासून बघतेय, वाटच बघत होते."

म्हणजे दोघंही एकाच मंगळवारची वाट बघत होते. चष्मेवाल्यांना ही गोष्ट कोणाला तरी सांगावीशी वाटली, पण समोर एकट्या त्याच होत्या.

"नियमाचं काय आहे," ते म्हणाले, "नियम शेवटी माणसांसाठीच असतात."

पलीकडे दंतवैद्य बूट काढत होता. तो एका पायावर तसाच थांबला.

मंगळवारी वन्सं आल्या, साडीवर कॅनव्हासचे बूट घालून. घड्याळवाल्या बाई मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसल्या. पहिला गुण गेला. चष्मेवाल्यांनी रॅकेट पुढे केली. वन्सं पाठ करून छताकडे बघत होत्या. रॅकेट तशीच हवेत राहिली.

"वन्सं, रॅकेट लावा त्यांना!" बाई कडेवरून ओरडल्या. "असं काय करता!"

वन्संनी वळून लावली. पुढेही प्रत्येक गुणाला आधी भावजयीकडे बघून लावली. चष्मेवाले प्रत्येक वेळी "छान" म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी कडेला बघितलं. बाई वन्संचे पाय बघत होत्या. उजव्या बाजूने चष्मा थोडा खाली आला होता. हातभर अंतरावरून तो नीट करता आला असता. पण सर्व्हिस चष्मेवाल्यांची होती.

सामना हरले. वन्सं जाताना म्हणाल्या, "मजा आली हो. तुम्ही भिंतीपेक्षा बरे."

पुढच्या मोसमाला घड्याळवाल्या बाईंनी नाव दिलं नाही. मंगळवारी संध्याकाळी त्यांचं घर आता शांत असतं, आणि ती शांतता त्यांना सोडवत नाही. वन्सं येतात. त्यांची सर्व्हिस अजून जाळीतच जाते.