टपावरच्या मेंढ्या

युवराजने हॉर्न दाबला आणि रस्त्यावरच्या मेंढ्या एकामागून एक बसच्या टपावर चढल्या. शेवटचीला जागा पुरली नाही. ती आरशाला लोंबकळत राहिली. त्यांचा मेंढपाळ काठी टेकून खालीच उभा.

"परत दाब," धनश्री म्हणाली.

त्याने बस मागे घेऊन पुन्हा हॉर्न दाबला. मेंढ्या पुन्हा वर.

बस लॅपटॉपमधली होती. बस चालवायच्या एका गेममध्ये युवराजने दोन वर्षं खपून बीड-परळी रस्ता घातला होता. तेलगावचा फाटा, परळीजवळच्या वीजकेंद्राच्या राखेचे ढीग, सगळं जिथल्या तिथे. गेममध्ये अशी आपली भर घालतात तिला मॉड म्हणतात. हा मॉड आज संध्याकाळी सगळ्यांसाठी खुला करतो, असं त्याने मॉडवाल्यांच्या ग्रुपवर सांगून टाकलं होतं.

"ग्रुपवर इचारलंस का?"

"इचारलं की, आक्का. कुनी हुंगत न्हाई."

भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेल्या धनश्रीने त्याची पोस्ट वाचली. 'सर प्लीज मदत करा. अर्जंट. मेंढ्या ऐकत नाहीत.' पुढे जोडलेल्या हातांची रांग. खाली एकच उत्तर होतं: 'गेमची आवृत्ती कोणती? एरर लॉग कुठे आहे? ऐकत नाहीत म्हणजे नक्की काय करतात?'

"ह्याला उत्तर कावून न्हाई दिलंस?"

"पोलीस चौकीवानी इचारतोय त्यो. आन् आता गरज बी न्हाई. एक जन खाजगीत आलाय. लई चांगला मानूस हाय."

लई चांगल्या माणसाने लिहिलं होतं: 'भाऊ, टेन्शन घेऊ नको. फाइल पाठवली आहे. अँटिव्हायरस बंद करून चालव. तुझ्या खात्याचा पासवर्ड दे, मॉड मीच चढवून देतो.'

युवराजचं बोट 'बंद करा'वर गेलं. धनश्रीने त्याचं मनगट धरलं.

"ह्यानं तुला काय काय इचारलं?"

"काय इचारायचंय? त्याला सगळं ठावं हाय."

"मेंढ्या कुठं चढत्यात, हे तरी?"

युवराजने निरोप वर सरकवला, खाली सरकवला.

"न्हाई."

"मग औषध कशावर पाठवलं?"

उंबऱ्यात गहिनीनाथ आबा टाचांच्या भेगांना एरंडेल चोळत बसले होते. रानातून मेंढरं आताच आणून वाड्यात कोंडली होती.

"पर चारचौघांत कावून रडायचं?" ते म्हणाले. "एकाला गुमान इचारावं. आब्रू ऱ्हाती."

"चारचौघांतच इचारायचं, आबा. तिथं कुनी उलटं सांगितलं तर दुसरा हटकतो."

युवराजने फाइल न उघडताच पुसली. तो निरोप ग्रुप सांभाळणाऱ्यांना दाखवला. मग धनश्रीने त्याला पोस्ट नव्यानं लिहायला बसवलं. गेमची आवृत्ती. बाकीचे सगळे मॉड काढले तरी तसंच होतं, हे. एरर लॉग, म्हणजे गेमने स्वतःच टिपलेली चुकांची यादी.

"मेंढ्यांनी काय करायला पायजे व्हतं?"

"रस्ता सोडायला. त्यात काय सांगायचं?"

"तेच लिही. तुझ्या मनातलं त्यांना कसं कळंल?"

उत्तर पोलीस चौकीवाल्याचंच आलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. 'मेंढ्या सगळ्यात जवळच्या हलत्या वस्तूमागे जातात. ती बस आहे. कोडच्या एकशे बाराव्या ओळीत बसऐवजी मेंढपाळ लिहा.' त्याखाली ग्रुप सांभाळणाऱ्या बाईंची ओळ होती: 'फाइल पाठवणारा तो भाऊ तिसऱ्यांदा नवं नाव घेऊन आला होता. काढला.'

युवराजने ओळ बदलून हॉर्न दाबला. मेंढपाळ काठी टेकत रस्त्याच्या कडेला झाला. मेंढ्या मुकाट्याने त्याच्यामागे चालू लागल्या.

"जमलं की बे!" तो स्वतःलाच म्हणाला.

आबा उठून जवळ आले.

"ही आता कुठवर जानार?"

"परळीला."

"समदं चालत?"

"व्हय."

आबा पडद्याकडे बघत राहिले. मग परत उंबऱ्यात बसून त्यांनी दुसरी टाच पुढे घेतली.

"आदीचं बरं व्हतं," ते म्हणाले.

युवराजने एकशे बारावी ओळ होती तशी केली. मॉड उद्या खुला करतो, असं ग्रुपवर टाकलं आणि खाली नवा प्रश्न लिहायला घेतला. या वेळी कुणी न सांगता.

'आवृत्ती तीच. लॉग जोडला आहे. काय केलं: मेंढ्या टपावर चढल्यावर मेंढपाळासमोर बसचं दार उघडलं. काय झालं: तो खालीच उभा राहिला. काय व्हायला हवं होतं:'

इथे तो थांबला.

"आबा, खिडकीपाशी बसनार का दारापाशी?"

"दारापाशी," आबा म्हणाले. "वर मेंढरं हायती."